चॉसरचा कोंबडा आणि खरडलेली रेघ : एका बालपुस्तकाच्या चित्रणाचा विचार

१

संस्कृतातील ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ‘ओरखडणे’ असा आहे. ‘रिख्’ हे त्याचे जुने, वैदिक रूप होय. त्यापासून ‘रेखा’ हा शब्द झाला आणि ‘रेखा’पासून आपली ‘रेघ’ आली. ग्रीकमधील ‘ग्राफेइन’, लॅटिनमधील ‘स्क्रीबेरे’ आणि इंग्रजीतील ‘राइट’ या क्रियापदांच्या मुळाशीही कोरण्याचा किंवा ओरखडण्याचाच अर्थ सापडतो. पुढे शाई आणि कागद आले, ओरखडा विसरला गेला. शब्द मात्र राहिला. लिहिणे आणि चित्र काढणे या दोन क्रियाही संस्कृताने एकाच धातूखाली नांदू दिल्या. चित्राला ‘आलेख्य’ म्हणतात ते यामुळेच. मराठीत या जुन्या नात्याची आठवण ‘खरडणे’ या क्रियापदात दिसते. भांड्याच्या बुडाला लागलेले आपण खरडून काढतो आणि घाईघाईने लिहिलेले पत्रही ‘खरडतो’. काढून टाकणे आणि लिहून ठेवणे हे दोन परस्परविरुद्ध व्यापार एकाच क्रियापदाने सांगितले जातात, यात भाषेची काही चूक झालेली नाही. ज्या काळी लिहिणे म्हणजे खरोखरच पृष्ठभागाचा थोडा अंश काढून टाकणे होते, त्या काळाची ही खूण आहे.

चित्रकलेच्या व मुद्रणाच्या क्षेत्रात अगदी अलीकडच्या काळातही असे एक तंत्र होते आणि आहे, ज्यात हा मूळ अर्थ जसाच्या तसा व्यवहारात उतरतो. त्याला अमेरिकेत ‘स्क्रॅचबोर्ड’ व इंग्लंडात ‘स्क्रेपरबोर्ड’ म्हणतात. या तंत्राने चित्रित झालेल्या एका बालपुस्तकाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ते पुस्तक म्हणजे बार्बरा कूनी यांनी चॉसरच्या एका कथेवरून रचलेले व चित्रित केलेले ‘चाँटिक्लीअर अँड द फॉक्स’. ते न्यूयॉर्कच्या टॉमस वाय. क्रॉवेल या प्रकाशनसंस्थेने १९५८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १९५९ मध्ये त्याला अमेरिकन ग्रंथालय संघाचे कॅल्डेकॉट पदक मिळाले.

या विषयाकडे वळण्याचे कारण सांगणे उचित होईल. एम. ए. च्या वर्गात मध्ययुगीन कथांच्या पाठपरंपरेची चर्चा चालू असता प्रस्तुत लेखकाने हे पुस्तक विद्यार्थ्यांना दाखविले. तेव्हा एका विद्यार्थ्याने सरळ विचारले, “हे तर मुलांचे पुस्तक. मूळ कथा वाचणाऱ्याला यातून नवे काय मिळणार?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. संक्षेप म्हणजे ऱ्हास आणि चित्र म्हणजे सजावट, ही आपल्या अभ्यासक्रमांतील दोन अघोषित गृहीतके त्यामागे होती. त्या वेळी दिलेले उत्तर लेखकाला स्वतःलाच अपुरे वाटले. ते पुरे करण्याचा हा प्रयत्न आहे.

२

प्रथम कथेची वंशावळ पाहू. एक कोल्हा कोंबड्याच्या गाण्याची स्तुती करतो. कोंबडा डोळे मिटून आरवू लागतो. कोल्हा त्याला तोंडात धरून पळतो. लोक पाठलाग करू लागतात, तेव्हा कोंबडा कोल्ह्याला त्यांना टोमणा मारावयास सुचवितो. कोल्हा बोलण्यासाठी तोंड उघडतो आणि कोंबडा उडून झाडावर बसतो. या कथेचे एक सुटसुटीत रूप बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मारी द फ्रान्स या कवयित्रीच्या नीतिकथांत आढळते. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ‘रोमाँ द रनार’ या नावाने प्रसिद्ध असलेले कोल्हापुराण रचले जाऊ लागले, आणि त्याच्या सर्वांत जुन्या भागातच हा प्रसंग विस्ताराने आला. कोंबड्याचे ‘शाँतक्लेर’ हे नाव तेथलेच आहे. स्पष्ट, खणखणीत गाणारा असा त्याचा फ्रेंच अर्थ असून, इंग्रजीत तेच ‘चाँटिक्लीअर’ झाले. कोंबड्याला गोड बोलून फसविण्याची कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. कुक्कुटजातकात एक मांजरी झाडावरच्या कोंबड्याला लग्नाची लालूच दाखविते आणि तो शहाणा कोंबडा तिला दाद देत नाही. भारहूतच्या स्तूपावर हे शिल्प नावासह कोरलेले आहे. ही कथा युरोपीय कथेची जननी आहे असे सुचविण्याचा हेतू नाही. अशी कथा शब्दांत आणि कोरीव चित्रात एकाच वेळी नांदते याचे हे एक जुने उदाहरण, एवढेच.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ही कथा ‘कँटरबरी टेल्स’मध्ये घेतली आणि ती मठवासिनींबरोबर प्रवास करणाऱ्या एका पुरोहिताच्या तोंडी घातली. सहाशेहून अधिक ओळींच्या या काव्यात प्रत्यक्ष घटना फार थोड्या आहेत. कोंबड्याला पहाटे एक भयंकर स्वप्न पडते. त्यावरून त्याचा व त्याच्या लाडक्या पर्टेलोट कोंबडीचा वाद जुंपतो. ती म्हणते, स्वप्ने पित्तामुळे पडतात, तेव्हा रेचक घ्यावे. आणि कोणत्या वनस्पती खाव्यात याची ती यादीच देते. तो स्वप्ने खरी ठरल्याचे ग्रंथांतरींचे दाखले एकामागून एक सांगत सुटतो. शिवाय पुरोहित मधूनमधून दैव व इच्छास्वातंत्र्य यांची चर्चा करतो आणि एका पक्ष्याच्या संकटावर ट्रॉयच्या पाडावाला शोभेल असा शोक करतो. कथेचा विनोद या विसंगतीत आहे. एका गरीब विधवेच्या परसातील कोंबडा विद्यापीठातील पंडितासारखा बोलतो, आणि तरीही डोळे मिटून फसतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. चॉसरची कथा ही स्वतःच एक पुनर्रचना आहे. त्याने जुन्या कथेवर पांडित्याचा एक जाड थर चढविला, आणि तो थर हाच पुढे ‘मूळ’ मानला गेला. मुलांसाठी तो थर उतरविणाऱ्याने मूळ कथा मोडली असे म्हणताना हा इतिहास विसरता येत नाही.

३

आता तंत्राकडे वळू. पुस्तकात अक्षरांच्या शेजारी चित्र छापावयाचे, तर खिळ्यांबरोबर एकाच दाबाखाली चालेल असा उठावाचा ठसा लागतो. अनेक शतके हे काम लाकडाने केले. पंधराव्या शतकात विल्यम कॅक्सटनने ‘रेनार्ड द फॉक्स’ १४८१ मध्ये छापले आणि ‘कँटरबरी टेल्स’ची दुसरी आवृत्ती १४८३ मध्ये काष्ठठशांच्या चित्रांसह काढली. त्या काळच्या ठशात कारागीर रेघेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकी आणि काळी रेघ उभी ठेवी. अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यूकासलच्या टॉमस ब्यूइकने बॉक्सवुडच्या आडव्या कापावर, म्हणजे तंतूंच्या टोकांकडून, बारीक कोरणीने काम करून या पद्धतीला नवे वळण दिले. त्याने काळी रेघ राखण्याऐवजी पांढरी रेघ कोरली. ठसा न कोरता छापला, तर कागदावर संपूर्ण काळा चौकोन उमटतो; कोरणीचा प्रत्येक फटका त्या काळोखात उजेडाची एक रेघ आणतो. ब्यूइकच्या पशुपक्ष्यांच्या ग्रंथांत आणि १८१८ मधील त्याच्या इसापनीतीत ही पांढरी रेघ पिसे, लोकर आणि गवत अशा नेमक्या त्याच वस्तूंना किती अनुकूल आहे हे दिसून येते.

या व्यवस्थेत एक अडचण होती. चित्रकार आणि कोरणारा हे बहुधा वेगळे असत. ज्याच्या नावाने पुढे पदक स्थापन झाले त्या रँडॉल्फ कॅल्डेकॉटची बालपुस्तके १८७८ ते १८८५ या काळात निघाली. त्याच्या चपळ रेघा एडमंड इव्हान्सच्या कारखान्यातील कारागीर लाकडात कोरीत. चित्रकाराचा हात आणि वाचकाचा डोळा यांच्यामध्ये एक तिसरा हात उभा होता.

छायाचित्रणाने हा तिसरा हात दूर केला. रेखाचित्राचे छायाचित्र घेऊन ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवावयाचे आणि रेघांव्यतिरिक्तचा भाग आम्लाने खाऊ द्यावयाचा, अशी लाइन ब्लॉकची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. या ठशाला एक कठोर मर्यादा आहे. त्याला काळे कळते आणि पांढरे कळते. मधली करडी छटा त्याला कळत नाही. छटा हवी असेल तर बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक करावा लागे, त्याला खर्च अधिक येई, आणि तो नीट उठावा म्हणून कागदही गुळगुळीत घ्यावा लागे. साध्या कागदावर, मजकुराबरोबर, कमी खर्चात छापता येईल असे, तरीही छायाप्रकाशाचा भास देणारे चित्र कसे मिळवावयाचे? स्क्रॅचबोर्ड हे या प्रश्नाचे उत्तर होते.

त्याची रचना साधी आहे. जाड पुठ्ठ्यावर चिनी माती आणि सरस यांसारख्या द्रव्यांचा गुळगुळीत पांढरा लेप असतो. त्यावर काळ्या शाईचा सपाट हात द्यावयाचा. शाई वाळली की तीक्ष्ण पात्याने किंवा टाकासारख्या हत्याराने ती खरडावयाची. जेथे शाई निघते तेथे खालचा पांढरा लेप दिसू लागतो. शाळेत रंगीत खडूच्या थरावर काळा रंग फासून टोकदार काडीने चित्र काढलेल्यांना या कृतीची कल्पना येईल. चूक झाली तर त्या जागी पुन्हा शाई लावता येते, परंतु हे फार वेळा चालत नाही; खालचा लेपच संपतो. तेव्हा प्रत्येक रेघ विचार करूनच काढावी लागते. हाताने कोरलेल्या लाकडाचे रूप, लाकूड व कोरणारा या दोहोंवाचून, या पुठ्ठ्यावर मिळू लागले.

४

बार्बरा कूनी यांचा जन्म १९१७ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. १९३८ मध्ये स्मिथ महाविद्यालयाची पदवी घेतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिलामुद्रण व अम्लरेखन या कला अभ्यासिल्या. १९४० पासून त्या पुस्तकांसाठी चित्रे काढू लागल्या. त्या काळी अमेरिकेतही बालपुस्तकाला सर्व रंगांची छपाई सहसा परवडत नसे, आणि नवोदित चित्रकाराच्या वाट्याला काळे-पांढरे काम अधिक येई. कूनी यांनी पुष्कळ वर्षे स्क्रॅचबोर्डवर काम केले ते या परिस्थितीत. म्हणजे हे तंत्र त्यांच्याकडे प्रथम आले ते छापखान्याच्या हिशेबातून.

पदक स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी या पुस्तकाचा उगम सांगितला आहे. रंगीबेरंगी पिसांच्या कोंबड्या पाहून त्यांची चित्रे काढावीत असे त्यांच्या मनात होते. आणि आजारपणात अंथरुणावर पडून चॉसर वाचताना त्यांना ही कथा भेटली. त्याच भाषणात त्यांनी मुलांच्या वाचनाविषयी आपले मत निःसंदिग्धपणे मांडले. मुलांना मिळतो त्यापेक्षा अधिक कसदार वाङ्मयीन आहार मिळाला पाहिजे. बरे आणि वाईट, प्रेम आणि द्वेष, जीवन आणि मृत्यू यांविषयी वाचल्याने त्यांचे काही बिघडत नाही. केवळ त्यांना समजेल तेवढेच त्यांच्यापुढे ठेवावे हेही बरोबर नाही. आणि आपण मुलांसाठी लिहिताना किंवा चित्र काढताना खाली वाकणार नाही, असा त्या भाषणाचा आशय आहे. संक्षेप करणाऱ्या व्यक्तीच्या तोंडी हा विचार येतो, हे विशेष आहे. संक्षेप करणे आणि खाली वाकणे या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एक नव्हत्या.

पुस्तकाची छपाई काळ्या ठशाच्या जोडीला मोजक्या रंगांनी झालेली आहे. त्या काळच्या प्रथेप्रमाणे चित्रकाराला प्रत्येक रंगाचा भाग वेगवेगळ्या पारदर्शक पत्र्यावर स्वतंत्रपणे काढून द्यावा लागे. प्रत्येक पत्र्यावरून वेगळा ठसा होई आणि ते ठसे एकावर एक नेमके बसावे लागत. चित्रकाराच्या मेजावर अखंड रंगीत चित्र असे कधी नसेच. लाल रंग कोठे येईल, हे त्याला काळ्याच शाईने काढावे लागे आणि परिणाम मनात पाहावा लागे. अशा रीतीत रंग सहज पसरत नाही. तो निवडून, जागा ठरवून द्यावा लागतो.

५

कूनी यांनी मजकुरातून काय खरडून काढले ते आता पाहू. स्वप्न राहिले, पर्टेलोटचा धिक्कारही राहिला. परंतु स्वप्नांवरील दीर्घ वाद गेला. रेचकांची यादी गेली. दैव आणि इच्छास्वातंत्र्य यांची चर्चा गेली. स्त्री ही पुरुषाचा नाश होय, असे लॅटिन वचन उच्चारून चाँटिक्लीअर त्याचा बायकोपुढे ‘स्त्री ही पुरुषाचा आनंद होय’ असा बेधडक अनुवाद करतो, ती भाषाभ्यासकाला अत्यंत प्रिय असलेली थट्टाही गेली. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडाचा उल्लेख चॉसर पाठलागाच्या गोंगाटात करतो. तोही बालपुस्तकात नाही. ही हानी खरी आहे आणि ती कबूल केली पाहिजे. ज्याला चॉसरचा उपरोध हवा आहे त्याने चॉसरच वाचावा.

तथापि उपरोध नाहीसा झाल्याने कथेचे सूत्रसंचालन कोणाकडे जाते, हे पाहण्यासारखे आहे. चॉसरमध्ये तात्पर्य सांगतो तो पुरोहित. कूनींच्या पुस्तकात स्तुतीवर विश्वास ठेवण्याचे फळ काय, हे विधवा सांगते. वक्ता बदलला की वाक्याचे कार्य बदलते, हे आपण वाक्यार्थविचारात नेहमी शिकवितो. पुरोहिताच्या तोंडचे तात्पर्य हे प्रवचनाचा समारोप असते. त्यात किंचित ढोंगाचीही शक्यता असते. तेच तात्पर्य ज्या बाईचा कोंबडा जाता जाता वाचला तिच्या तोंडी आले, म्हणजे ते घरातील शहाणपण होते. कथेच्या आरंभी जिचे वर्णन येते आणि मग जी वादविवादाखाली दिसेनाशी होते, ती विधवा या पुनर्रचनेत कथेच्या दोन्ही टोकांना उभी राहते. वरचा थर खरडल्यावर खालचा पांढरा लेप दिसावा, तसे हे झाले आहे.

६

खरा मुद्दा येथून पुढे आहे. चॉसरने त्या विधवेचे घर कसे वर्णिले आहे? तिची झोपडी लहान, तिची खोली धुराने काजळलेली. तीन डुकरिणी, तीन गाई, एक मेंढी आणि दोन मुली, हा तिचा संसार. ती दारू पीत नाही, पांढरीही नाही आणि तांबडीही नाही. तिच्या ताटात बहुधा पांढरे आणि काळे असे दोनच पदार्थ असतात, दूध आणि काळसर भाकरी. यानंतर लगेच कोंबडा येतो, आणि त्याच्याबरोबर रंग येतात. त्याचा तुरा पोवळ्याहून तांबडा, चोच काळीभोर, पाय निळे, नखे पांढरी आणि अंग तापलेल्या सोन्यासारखे. काव्यातील हा भेद अपघाताने आलेला नाही. विधवेचे जग काळ्या-पांढऱ्याचे आहे. रंग परसातल्या त्या गर्विष्ठ राजाचा आहे.

रंगाचा दुसरा धनी कोल्हा आहे. स्वप्नात कोंबडा त्याला पाहतो तेव्हा त्याचे नावही त्याला ठाऊक नसते. त्याला सांगता येतो तो रंग, पिवळा आणि तांबडा यांच्या मधला, शेपटीच्या व कानांच्या टोकांना काळा. चॉसरच्या भाषेकडे बारकाईने पाहिले तर हाच रंग शब्दांतही मुरलेला दिसतो. कोल्ह्याचे ‘रसेल’ हे नाव ‘तांबूस’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेले आहे. त्याला चॉसर जो ‘कोलफॉक्स’ हा सामासिक शब्द लावतो त्यातील पूर्वपद कोळशाचे आहे. अंगावर काळ्या खुणा असलेला कोल्हा असा त्याचा अर्थ होतो. एकाच प्राण्याच्या दोन नावांपैकी एक तांबड्याचे आणि दुसरे काळ्याचे आहे. म्हणजे चॉसरच्या कथेत रंग दोनच ठिकाणी भडकतो, गर्वात आणि धोक्यात. उरलेले जग दूध, भाकरी आणि काजळी यांचे आहे.

आता स्क्रॅचबोर्डकडे पुन्हा पाहावे. ज्या तंत्रात चित्राचा आरंभच काजळीने होतो, ज्यात पांढरे हे काळ्यातून उपसून काढावे लागते आणि ज्यात रंग हा नंतर, मोजून-मापून देण्याची गोष्ट आहे, त्या तंत्राने ही कथा चित्रित झाली. तुरा तांबडा होतो तेव्हा तो काळ्या-पांढऱ्याच्या पार्श्वभूमीवर तांबडा होतो. सर्व वस्तू सारख्याच रंगीत असत्या तर कोंबड्याचा दिमाख हा इतर गोष्टींपैकी एक ठरला असता. बालवाचकाला चॉसरची ती काळ्या-पांढऱ्याची आणि तुऱ्याची ओळ समजावून सांगण्याची गरज उरत नाही. ती त्याच्या डोळ्यांपुढे असते. कूनी यांनी हे सर्व असे जाणूनबुजून योजले, असा दावा येथे करावयाचा नाही. हेतू हा इतिहासकाराचा निसरडा पुरावा असतो. परिणाम मात्र पानावर दाखविता येतो. काटकसरीतून आलेले तंत्र आणि दारिद्र्याच्या वर्णनाने सुरू होणारी कथा यांची गाठ पडली, आणि तंत्राची मर्यादा हाच कथेचा अर्थ झाला.

याला पूरक अशा आणखी दोन गोष्टी आहेत. या चित्रांतील प्रत्येक फूल आणि गवत हे चॉसरच्या काळी इंग्लंडात उगवणारे आहे, अशी दक्षता कूनी यांनी घेतली होती. पर्टेलोटच्या औषधांची यादी मजकुरातून गेली हे आपण पाहिले. परंतु त्या यादीमागे जे जग होते, परसातली प्रत्येक वनस्पती ओळखणारे आणि तिला नाव असलेले जग, ते चित्रांच्या कडेकडेने परत आले आहे. यादी ऐकून मूल कंटाळले असते. गवत पाहून ते कंटाळत नाही. जे शब्दांत टिकले नसते ते चित्रात टिकविणे, याला सजावट म्हणता येणार नाही. ती भाषांतरातील भरपाई आहे. भाषांतरकार एका वाक्यात गमावलेली छटा दुसऱ्या वाक्यात मिळवितो. येथे ती दुसऱ्या माध्यमात मिळविलेली आहे.

दुसरी गोष्ट पाठलागाची. तोंडात पक्षी धरून पळणारा कोल्हा आणि सूत कातण्याची काठी उगारून मागे धावणारी बाई, हे मध्ययुगीन चित्रकारांचे आवडते दृश्य होते. चौदाव्या शतकातील ‘स्मिथफील्ड डिक्रीटल्स’ या कायद्याच्या हस्तलिखिताच्या समासातही ते आढळते. चॉसरच्या पाठलागातही हातात तशीच काठी घेतलेली एक बाई आहे. म्हणजे या प्रसंगात काव्य आणि चित्र यांचे नाते कूनींच्या आधी साडेपाच-सहा शतकांपासून चालत आलेले आहे. पाठात वादविवाद असो वा नसो, हे दृश्य कथेबरोबर राहिले. ‘मूळ पाठ’ म्हणताना आपण फक्त शब्द मोजतो. परंतु या कथेचा पाठ समासांतून, लाकडांतून आणि अखेर काळ्या पुठ्ठ्यावरूनही वाहत आलेला आहे.

७

पुढील काळाचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. १९६० नंतर ऑफसेट छपाई वाढली, रंगीत छपाईचा खर्च उतरू लागला आणि स्क्रॅचबोर्डची व्यावहारिक गरज कमी झाली. कूनी यांनीही तो पुठ्ठा पुढे बाजूला ठेवला. ‘ऑक्स-कार्ट मॅन’ या पुस्तकाला त्यांना १९८० मध्ये दुसरे कॅल्डेकॉट पदक मिळाले. त्यातील रंगीत चित्रांना जुन्या अमेरिकन लोकचित्रांचे वळण आहे. १९८२ मध्ये ‘मिस रम्फियस’ आले आणि २००० मध्ये त्यांचे निधन झाले. गरज संपली तरी तंत्र मात्र संपले नाही. ब्रायन पिंकनी यांनी मार्टिनीक बेटावरील एका लोककथेच्या पुनर्कथनासाठी, ‘द फेथफुल फ्रेंड’साठी, ते वापरले, त्या पुस्तकाला १९९६ मध्ये कॅल्डेकॉट सन्मान लाभला. बेथ क्रॉम्स यांच्या ‘द हाउस इन द नाइट’ या पुस्तकाला २००९ मध्ये पदक मिळाले. त्यात रात्रीचा काळोख आणि त्यात उजळणारा सोनेरी पिवळा रंग, एवढ्यावरच सर्व काम भागविलेले आहे. १९५८ मध्ये जी मर्यादा होती ती या चित्रकारांच्या हाती निवड बनली. छापखान्याने सर्व रंग देऊ केल्यानंतरही काळ्यापासून आरंभ करावासा वाटणे, हा या तंत्राच्या अर्थवत्तेचा सर्वांत मोठा पुरावा होय.

वर्गातील त्या प्रश्नाकडे परत येऊ. मूळ कथा वाचणाऱ्याला या पुस्तकातून काय मिळणार? लेखकापुरते उत्तर असे की, चॉसरच्या आरंभीच्या वर्णनातील काळ्या-पांढऱ्याचा आणि रंगांचा विरोध लेखकाने चॉसर वाचून पाहिला नव्हता. तो पुष्कळ वर्षे वाचलेल्या आणि शिकविलेल्या त्या वर्णनात होताच. दिसला मात्र हे बालपुस्तक पाहिल्यानंतर. वादविवादाच्या चकचकाटात आम्ही प्रौढ वाचक त्या गरीब घराकडे लक्ष देत नव्हतो. संक्षेपाने वरचा थर काढला, चित्राने खालचा दाखविला, आणि मूळ पाठाकडे परत जाताना नजर बदललेली होती. टीकेकडून आपण याहून अधिक काय मागतो?

आपल्याकडे तरी या प्रकाराला हलके लेखण्याचे कारण नसावे. मराठीतील छापील गद्य ज्या पुस्तकांतून उभे राहिले त्यांत सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या १८२८ मधील ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ यांचा समावेश होतो. ही दोन्ही मुलांसाठी केलेली रूपांतरे आहेत. त्यांचा अभ्यास आपण गद्याच्या इतिहासासाठी करतो. रूपांतरकाराने काय काढले, काय ठेवले आणि का, या दृष्टीने तो अजून व्हावयास हवा. चित्रांसह निघालेल्या पुढील आवृत्त्यांबाबत तर चित्र हाही पाठाचाच भाग मानून काम करावे लागेल. विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय हाती घेतल्यास या लेखाचे सार्थक झाले असे वाटेल.

कथेतील कोंबडा फसला तो डोळे मिटल्यामुळे, आणि कोल्हा फसला तो तोंड उघडल्यामुळे. पाठाचा अभ्यास करणाऱ्या आपणा सर्वांना दुसऱ्या चुकीपेक्षा पहिलीची भीती अधिक बाळगावी लागते. आपल्या आवाजाची स्तुती ऐकत डोळे मिटून घेण्याची सवय पंडितांनाही असते, हे चॉसरला ठाऊक होते. समोर काळे पान आले, तर त्यात काय खरडले आहे ते नीट पाहावे, एवढाच या कथेचा आणि या चित्रांचा आपणास बोध आहे.